लाल ठिपक्याच्या डावीकडे

लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हाच काकूंना कळून चुकलं होतं की आपल्या नवऱ्याचे कान जेवतानाही कामावर असतात. दोघं पहिल्यांदाच कुणाकडे जेवायला गेले होते. गप्पा रंगल्या होत्या, आणि यांनी हातातला घास ताटात ठेवला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं घड्याळ लंगडतंय."

यजमान ओशाळले. काकू त्यांच्याहून जास्त. जेवण राहिलं बाजूला, हे खुर्चीवर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ केसभर डावीकडे कलतं करून खाली आले. "आता ऐका. दोन्ही पाय सारखे पडतायत."

घरी परतताना काकू म्हणाल्या, "अहो, चार लोकांत असं करतात का?"

"लंगडत होतं ते."

"लंगडू दे की. आपल्या दारात येऊन पडत नव्हतं."

यावर ते हसले. हसले म्हणजे मिशी थोडी हलली. त्यापलीकडे ते फारसं हसत नसत.

सगळं गाव त्यांना घड्याळजी म्हणे. त्यामुळे त्यांची बायको घड्याळकाकू झाली, आणि नंतर नुसतीच काकू. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागे, म्हणून घड्याळजी दिवसभर उभेच राहत नसत. डोळ्याला भिंग, मांडीवर पांढरं फडकं. घड्याळ खोललं की त्याचे भाग त्या फडक्यावर एका ओळीत मांडायचे, आणि जोडताना तीच ओळ शेवटाकडून उचलत यायची. "पाढा उलटा म्हणता आला तरच पाठ झाला म्हणायचं," असं ते म्हणत.

मग सेलवर चालणारी घड्याळं आली. ती बिघडत नसत, बिघडली तर लोक फेकून देत. जिन्यावरून माणसं चढत-उतरत राहिली, जिन्याखाली वाकून कुणी बघेना. घर काकूंच्या शिवणाच्या मशीनवर चालायला लागलं. त्याबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोलत नसे. घड्याळजी दुकान मात्र वेळेवर उघडत. तिथे बसून ते स्वतःचीच घड्याळं खोलत आणि पुन्हा जोडत.

अशाच एका दुपारी इस्पितळाच्या बागेचे मुकादम आले. उंच, हाडकुळा माणूस. बगलेत पत्र्याची हिरवी पेटी.

"घड्याळजी, यात घड्याळ आहे म्हणतात. मला तर नुसती पीडा दिसते."

"ठेवा इथे. काय करतं?"

"काही करत नाही, म्हणून तर आणलंय. करत होतं तेव्हा बागेला पाणी देत होतं."

मुकादमांचा त्या पेटीवर जुना राग होता. पूर्वी त्या बागेला तिघं जण हातानं पाणी घालत. सूर्य उगवायच्या आत रबरी नळ्या ओढायच्या, वाफ्यावाफ्यानं पुढे सरकायचं. मग कुणीतरी नळाला बसवायची एक डबी आणली. तिला गजराच्या घड्याळासारखी चावी द्यायची, स्प्रिंग उलगडली की नळ आपोआप बंद. पण तो उघडायला माणूस लागायचाच. मुकादम म्हणाले, "ती डबी बरी होती. तिला आमची गरज होती." त्यानंतर ही पेटी आली. ही नळ उघडायची, बंद करायची, एक वाफा संपला की दुसरा घ्यायची. तिघांपैकी दोघं दुसरीकडे लागले. उरले ते मुकादम.

"मी वर सांगितलं होतं, हाताखाली एक माणूस द्या," मुकादम म्हणाले. "पाठवली ही."

घड्याळजींनी झाकण काढलं आणि ते भिंग लावून आत बघत राहिले. आत लिंबाएवढी विजेची मोटर होती. तिची गती एका चाकातून दुसऱ्या चाकात जात इतकी मंदावत होती, की शेवटची तबकडी दिवसातून एकदाच फिरे. तबकडीच्या कडेला तासाला एक अशी भोकं होती. ज्या वेळी पाणी हवं त्या भोकात पितळेची खुंटी खोचायची. फिरत फिरत खुंटी खटक्यापाशी आली की खटका दबणार. जमिनीखालच्या तारेतून बेताची वीज जाणार, दूरवरच्या वाफ्यातली झडप उचलली जाणार, आणि फवारे उडणार.

"मुकादम," घड्याळजी शेवटी म्हणाले, "आपलं घड्याळ नुसती वेळ सांगतं. हे वेळ झाली की उठून कामाला लागतं."

"कामाला लागलं म्हणूनच तर माझी माणसं गेली."

एका चाकाचा दात तुटला होता. त्यांनी जुन्या गजराच्या घड्याळातलं चाक कानशीनं घासून तिथे बसवलं, आणि पेटी चालू झाली. मुकादमांनी ती बगलेत मारली, दोन पावलं गेले, परत आले. "बसवायला तुम्हीच चला," म्हणाले. "मला ती ओळखते. मुद्दाम बंद पडेल."

एक अडचण मात्र होती. घड्याळात आकडे जागच्या जागी असतात आणि काटा फिरतो. या पेटीत काटा ठाम उभा, आणि तबकडी त्याच्यापुढून सरकत जाते. त्यामुळे तबकडीवरचे आकडे घड्याळाच्या उलट, उजवीकडून डावीकडे चढत जातात. लहानपणापासून ज्याचा हात घड्याळाच्या दिशेनं वळला, त्याला हे म्हणजे डाव्या हातानं सही करायला सांगण्यासारखं होतं. घड्याळजींनी घरातल्या ताटावर खडूनं आकडे काढले, समोर एक चमचा उभा धरला, आणि संध्याकाळभर ते ताट फिरवत बसले.

"अहो, ताटात जेवायचं असतं," काकू म्हणाल्या.

"थोडं थांब. हाताला समजावतोय."

"आणि पोटाला कोण समजावणार?"

हाताला समजलं. पुढे शाळेच्या मैदानाची पेटी आली, वाचनालयाच्या हिरवळीची आली, दोन हॉटेलांची आली. वीज गेली की या पेट्या जागीच थांबत, आणि आली की जिथे थांबल्या तिथूनच पुढे चालू लागत. म्हणजे जितका वेळ वीज नसे तितक्या त्या मागे पडत. म्हणून लाइट आली की लोक पंखा लावत आणि घड्याळजी सायकल काढत. प्रत्येक पेटीपाशी जायचं, झाकण उघडायचं, तबकडी बोटानं पुढे सरकवून वेळेवर आणायची. पुढेच. मागे फिरवली की दात तुटतात. "गेलेल्या वेळेवर जोर करू नये," असं ते म्हणत. काकूंना वाटे, हा माणूस बोलतो थोडं, पण अधूनमधून ताम्रपटच कोरतो.

काळ या पेट्यांसाठीही थांबला नाही. बटणांच्या आणि चमकत्या आकड्यांच्या पेट्या आल्या. त्यांच्या पोटात सेल होता, वीज गेली तरी त्या वेळ विसरत नसत. शाळेनं पेटी बदलली, वाचनालयानं बदलली, हॉटेलांनी तर कधीच बदलली. राहिली ती इस्पितळाची. तिथल्या मेट्रनबाई म्हणत, "चालतंय ना? मग चालू दे. माझ्याकडे न चालणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत." पंपाच्या खोलीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवलेली घड्याळजींच्या गळ्यात असे. मोसम बदलला की ते पेटी उतरवत, तबकडी रॉकेलमध्ये धूत, खुंट्या पुन्हा खोचत. तबकडीवरचे आकडे पुसट होत होत पार गेले होते. उरली होती एक पांढरी अर्धी बाजू, म्हणजे दिवस. एक काळी अर्धी, म्हणजे रात्र. आणि काळ्या भागाच्या मधोमध मध्यरात्रीचा लाल ठिपका. घड्याळजींना तेवढं पुरत होतं.

मग एकदा काकू बाहेरून आल्या, तर हे भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसलेले. त्याच्या पाठीवरून बोटं फिरवत होते.

"काय शोधताय?"

"याची चावी द्यायची जागा."

"अहो, ते सेलचं आहे."

त्यांनी घड्याळ उलटं केलं, सेल पाहिला, आणि इतक्या सभ्यपणानं "हो की" म्हणाले, की काकू चपला काढायच्या विसरल्या.

त्याच इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासलं. काकूंना बाजूला घेऊन ते म्हणाले, "यात नवीन शिकलेलं आधी जातं. जुनं टिकून राहतं, बराच काळ."

काकूंनी ते चांगलंच मानलं. पेटीचं काम काही कालपरवाचं नव्हतं. यांच्या केसांचा काळेपणा त्या पेटीच्या पायी गेला होता. ते जुनंच की. ते राहील. आणि ते राहिलं तर माणूस राहील, एवढा साधा हिशोब त्यांनी मनाशी केला. सकाळी उठून किल्ली गळ्यात घालायची, सायकल नाही तर चालत जायचं, मुकादमांशी चार वाकडे शब्द बोलून यायचं. यातलं काही सुटलं की हा माणूस खुर्चीत बसणार, आणि एकदा बसला की बसलाच. तेव्हापासून त्या त्यांच्याबरोबर इस्पितळात जायला लागल्या. हातात पिशवी, आणि तोंडी सबब: "मला तेवढंच चालणं होतं."

मोसम बदलला. घड्याळजींनी पंपाच्या खोलीत पांढरं फडकं अंथरलं, पेटी खोलली, सगळं धुतलं, पुसलं, ओळीत मांडलं. हात जराही चुकत नव्हता. काकू एकेक भाग पुढे करत होत्या. शेवटी खुंट्या राहिल्या, दोनच. पहाटे चारला हिरवळ, पाचला गुलाब. त्यांनी त्या खोचल्या. काकूंनी मान पुढे करून पाहिलं. दोन्ही खुंट्या काळ्या भागात होत्या. पहाट म्हणजे अंधार, अंधार म्हणजे काळा भाग. बरोबर आहे, असं म्हणून त्यांनी पिशवी आवरली.

त्याच संध्याकाळी सातच्या सुमाराला गुलाबाच्या वाफ्यातले फवारे उडाले.

ती वेळ भेटीला येणाऱ्यांची. चालता येणारे रोगी बाकांवर, न येणारे चाकांच्या खुर्चीत, भोवती त्यांची माणसं. चारी बाजूंनी पाणी आलं तसे सगळे पळाले. खुबा बदललेला एक म्हातारा बस कंडक्टर होता, त्याला मुलगा खुर्चीसकट ओढायला गेला, चाक वाफ्याच्या विटेला अडलं आणि खुर्ची आडवी झाली. म्हातारा मनगटावर पडला.

हे काकूंना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मेट्रनबाईंनी दोघांना बोलावलं होतं. घड्याळजी खोलीच्या दारातून आत न येताच म्हणाले, "मी पेटी बघून येतो," आणि गेले. काकू एकट्याच आत गेल्या. मुकादम आधीच तिथे हात मागे बांधून उभे होते.

"कंडक्टरकाका कसे आहेत?" काकूंनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"खुबा शाबूत आहे. मनगटाचं हाड मोडलंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "दैव म्हणायचं की एवढ्यावर निभावलं. काकू, बसा. मला वर कळवावं लागेल, हे का झालं ते."

"मी सांगितलं ना, मॅडम," मुकादम घाईनं म्हणाले. "काल दुपारी लाइट गेली होती. लाइट गेली की पेटी मागे पडते. पहिल्यापासूनचं आहे."

"हो, तुम्ही बोललात. काकू, तसंच ना?"

काकूंनी मुकादमांकडे पाहिलं. या माणसानं त्या पेटीला जन्मभर शिव्या दिल्या होत्या आणि घड्याळजींशी कधी सरळ शब्द काढला नव्हता. आज तो डोळ्यांनी विनवत होता, बाई, हो म्हणा. लाइट खरंच गेली होती. चहा उकळेल एवढा वेळ, आणि ती आल्या आल्या घड्याळजींनी तबकडी पुढे सरकवलीही होती. तेवढ्यानं पहाटेची संध्याकाळ होत नाही, हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं, आणि तिसरीला कळायचं कारण नव्हतं.

"मी जरा त्यांना विचारून येते," काकू म्हणाल्या.

पंपाच्या खोलीत घड्याळजी पेटीला कान लावून उभे होते.

"मोटर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर चाललंय. पाणी सुटलं असेल तर झडपेचा दोष."

"असेल. तुम्ही झडप बघून येता का?"

ते गेले. काकू तबकडीसमोर बसल्या. काळा भाग, लाल ठिपका, ठिपक्याच्या उजवीकडे दोन खुंट्या. त्या बघत राहिल्या. आणि त्यांना आठवली ती त्यांच्याच हातची चूक: घाईत कापडावर कागदी बाही पालथी ठेवायची, कापायचं, शिवायचं, आणि अंगात घालून बघितल्यावर कळायचं की दोन्ही बाह्या डाव्याच झाल्या. बाही सुंदर शिवलेली असते. माप चोख असतं. फक्त बाजू पालथी. त्यांनी ठिपक्यापासून डावीकडे भोकं मोजली, मग उजवीकडे मोजली. दोन्हीकडे काळाच रंग. ठिपक्याच्या एका बाजूला पहाट होती आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच लांब संध्याकाळ.

घड्याळजींच्या हातानं खुंट्या घड्याळाचे आकडे चढतात तशा, ठिपक्यापासून उजवीकडे, लावल्या होत्या. जुनं टिकलं होतं. त्या जुन्याहूनही जुनं काहीतरी होतं, आणि काकूंच्या साध्या हिशोबात तेच धरायचं राहिलं होतं.

त्यांनी खुंट्या उपटल्या आणि ठिपक्याच्या डावीकडे खोचल्या. झालं. आता लाइटवर ढकलायचं, घरी जायचं. पुढच्या मोसमाला आपणच खोचायच्या, हे बघत नसताना. एवढं तर कुठलीही बायको करते.

"झडप चांगली आहे," मागून आवाज आला. घड्याळजी आत आले, वाकून तबकडी पाहिली आणि त्यांची मिशी हलली. "अगं, हे काय करून ठेवलंस? उलट लावल्यास."

"उलट?"

"घड्याळ उजवीकडे जातं ना? मग बारानंतर एक कुठे येणार? इकडे." त्यांनी दोन्ही खुंट्या काढल्या आणि हळुवारपणे पुन्हा उजवीकडे खोचल्या, वाकडे टाके घालणाऱ्या पोरीला शिकवावं तसं. "होतं असं. तुला सवय नाही."

काकू स्टुलावर बसून राहिल्या. आपण झाकलेलं यांच्या हातून परत उघडं पडणार, हे त्यांना कळलं. आज नाही तर उद्या, आपली पाठ वळली की. आणि पुढच्या वेळी खुबा शाबूत राहीलच असं नाही. किल्ली काढून घ्यावी लागणार होती. यांच्या गळ्यातून, आपल्याच हातानं.

तसं बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बोलल्या भलतंच.

"अहो, मला एकदा फिरवून दाखवता? पहाट कशी येते ते?"

"त्यात काय." त्यांनी पंपाचं बटण बंद केलं आणि तबकडीच्या कडेला बोट लावलं. "ही बघ आत्ताची सकाळ. आता पुढे चाललो. दुपार." पांढरा भाग काट्यापुढून सरकत होता. "ऊन उतरलं. आता रात्र लागली." काळा भाग आला. "आता अशी रात्र जाईल, मध्यरात्रीचा ठिपका जाईल, आणि मग पहाटेला..."

खट्.

बोट थांबलं. खटका दबला होता. भिंतीतल्या तारेत बारीक गुणगुण सुरू झाली. घड्याळजी काट्याकडे बघत होते. काट्यापुढे रात्र नुकतीच सुरू झाली होती. लाल ठिपका अजून लांब होता.

"ठिपका आला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"ठिपक्याच्या आधी वाजलं. ही पहाट नाही. ही संध्याकाळ आहे."

घड्याळजींनी तबकडी आणखी थोडी पुढे नेली. दुसरी खुंटी खट् वाजली. मग कितीतरी वेळानं ठिपका आला आणि निघून गेला, आणि खरी पहाट काट्यापुढून मुकाट्यानं गेली. त्यांनी तबकडी फिरवत फिरवत सकाळवर आणून ठेवली. वेळ बरोबर लावली. तेवढं केल्याशिवाय ते दुसरं काही करूच शकले नसते.

"या मी लावल्या?"

"हो."

"तू डावीकडे लावल्या होत्यास ना आत्ता?"

"हो."

"आणि मी तुलाच शिकवलं." त्यांनी फडक्याला हात पुसले, जरी हात कोरडेच होते. "तिकडे काय म्हणतायत?"

"मुकादमांनी लाइटवर घातलंय. मेट्रनबाईंना पटलंय. मी हो म्हटलं की मिटलं."

"लाइटवर?"

"लाइट गेल्यानं पेटी मागे पडली, असं."

घड्याळजींनी पेटीचं झाकण लावलं. त्यावर हात ठेवला. "पेटी मागे पडली नाही," ते म्हणाले. "मिनिटाला मिनिट बरोबर आहे ती. तिच्यावर आळ कशाला?"

"मग तुमच्यावर येईल."

"माझाच आहे तो."

"किल्ली जाईल, अहो." शेवटी तो शब्द त्यांच्या तोंडून गेलाच.

"जाईल," ते म्हणाले. "चल."

ते मेट्रनबाईंकडे गेले नाहीत. आधी कंडक्टरकडे गेले. म्हातारा हात गळ्यात बांधून उशीला टेकला होता. घड्याळजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि एका वाक्यात म्हणाले, "खुंट्या मी उलट्या लावल्या, म्हणून पाणी संध्याकाळी सुटलं."

कंडक्टरनं त्यांना वरून खाली पाहिलं. "तुम्ही ते घड्याळवाले?"

"होतो."

"मला वाटलं इस्पितळानंच आंघोळ घातली. आठ दिवस मागत होतो." मग त्याचा चेहरा उतरला. "थट्टा करतोय. दुखतंय फार. मुलगा रात्रभर रडला हो, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, म्हणून. त्याला सांगाल का हे? दुपारी येतो तो."

"थांबतो दुपारपर्यंत," घड्याळजी म्हणाले.

आणि ते थांबले. मुलगा आला तेव्हा त्यालाही त्यांनी तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मग मेट्रनबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ लेखणीशी चाळा करत राहिल्या. नवीन पेटी मागवावी लागेल, म्हणाल्या, आकड्यांची. ती येईपर्यंत ही बंद ठेवायची का, ते मात्र विचारलं.

"बंद नको," मुकादम दारातून म्हणाले. "गुलाब चार दिवस टिकायचे नाहीत. आणि नळ्या ओढायला आता माझे हात चालत नाहीत."

"मग लावणार कोण?"

घड्याळजींनी मानेमागे हात नेला, दोरा डोक्यावरून काढला आणि किल्ली बायकोच्या तळहातावर ठेवली. "ही लावेल," म्हणाले. "हिला कळतं."

"अहो, मला काय कळतं? आकडेसुद्धा नाहीत त्याच्यावर. मघाशी मोजलं ते अंदाजानं. उद्या माझं चुकलं तर?"

"मी आहे ना."

मेट्रनबाईंनी मुकादमांकडे पाहिलं. मुकादम खिडकीबाहेर बघत होते.

पंपाच्या खोलीपाशी आल्यावर घड्याळजी दाराबाहेरच थांबले. तिथे एक पालथी बादली होती, तिच्यावर बसले.

"आत या की."

"नको. आत आलो की हात पुढे होतो. तू ऐकणार नाहीस, मग मी भांडेन. इथूनच सांगतो." त्यांनी डोळे मिटले. "दोन्ही खुंट्या काढ. काढल्यास?"

"काढल्या."

"आता लाल ठिपका शोध. पहिली खुंटी, पहाटे चारची, हिरवळीची. ठिपक्यापासून माझा हात जातो उजवीकडे. चार भोकं."

काकूंचं बोट तबकडीवर थांबलं. बाहेरून पुढचा शब्द येईना.

"सांगा ना," त्या म्हणाल्या.

"सांगितलं ना. माझा हात उजवीकडे जातो. आताही तिकडेच चाललाय, इथे बसून. तू दुसरीकडे जा."

त्यांनी डावीकडे चार भोकं मोजली, पुन्हा मोजली, आणि खुंटी दाबून बसवली. पितळ आत गेल्याचा बारीक आवाज झाला. बाहेर बादली जराशी करकरली.

"बसली?"

"बसली."

"मी म्हटलं तिथे?"

"नाही."

"बरं," घड्याळजी म्हणाले. "आता गुलाबाची."